काबूलचं दोघ आणि आपलं ताक

प्रश्न : माझा भाचा पुण्यात शिकतो. त्याच्या वर्गातल्या अफगाण मुलांनी त्याला खोलीवर जेवायला बोलावलं होतं. जेवणाबरोबर त्यांनी ताकासारखं एक पेय दिलं. त्यात वाळलेला पुदिना होता, काकडीचे बारीक तुकडे होते आणि जिभेवर ते सोड्यासारखं चुरचुरत होतं. नाव सांगितलं 'दोघ'. आता सुटीला आला की तो तेच करून मागतो. मी दोनदा करून पाहिलं. पहिल्या वेळी ते आपल्या मठ्ठ्यासारखंच लागलं, दुसऱ्या वेळी तळाला चोथा बसला आणि वर पाणी आलं. हे पेय नेमकं काय आहे? आणि कल्याणात मिळणाऱ्या दूध-दह्यात ते जमेल का?
— एक वाचक भगिनी, पारनाका, कल्याण (पश्चिम)

उत्तर : जमेल, आणि उत्तम जमेल. त्यासाठी बाहेरून काहीही मागवावं लागत नाही. घट्ट दही, मीठ, पुदिना, काकडी आणि थंड सोडा, एवढंच त्याचं सामान. तुमचे दोन्ही प्रयत्न फसले ते सामानामुळे नाही, सवयीमुळे. ताक करायला बसलं की आपला हात आपोआप आलं, मिरची, कोथिंबीर आणि चिमूटभर साखरेकडे जातो. दोघमध्ये यातलं काहीच नसतं. आणि दह्यात एकदम पाणी ओतून घुसळलं की चोथा बसतोच. दोन्ही गोष्टी सुधारता येतात. पण आधी हे पेय कोणत्या घराण्यातलं आहे ते पाहू, कारण ते कळलं की कृती पाठ करावी लागत नाही.

'दोघ' हा फारसी शब्द. अफगाणिस्तानातल्या दरी बोलीत उच्चार 'दोघ' असा होतो आणि शेवटचा 'घ' घशातून येतो. इराणात तेच 'दूघ' होतं. दोहणे, दूध, दुभतं हे आपले शब्द ज्या 'दुह्' धातूतून आले, त्याच कुळातला हा शब्द भाषाशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे भाच्याने आणलेलं नाव परकं वाटलं, तरी ते आपल्या दुधाच्याच गोतावळ्यातलं आहे.

हा गोतावळा इथेच संपत नाही. काबूलच्या घरात लोण्याला 'मस्का' म्हणतात. इराण्याच्या हॉटेलातला बन-मस्का आणि बोलण्यातलं 'मस्का लावणं' हे त्याच फारसी शब्दाचं देणं. दही फडक्यात टांगून पाणी गाळलं की जो घट्ट गोळा उरतो, त्याला अफगाण घरात 'चका' म्हणतात. गुढीपाडव्याला श्रीखंडासाठी आपण टांगतो तो चक्का. फारसीत 'चकीदन' म्हणजे ठिबकणं. हा चका त्याच क्रियेतून तयार होतो. कल्याणात हे ऐकून फार आश्चर्य वाटायला नको. हे खाडीवरचं जुनं बंदर. इथली गलबतं इराणच्या आखाताकडे जात-येत असत. सहाव्या शतकातला ग्रीक प्रवासी कॉस्मस 'कल्लियाना' या बंदराचं वर्णन करतो आणि तिथे इराणातून नेमलेला बिशप असल्याचं लिहितो. बहुतेक अभ्यासक ते बंदर म्हणजे आपलं कल्याण असंच मानतात. माल जातो-येतो तिथे शब्दही जातात-येतात.

मूळचं दोघ हे अगदी आपल्या ताकासारखंच लोण्याच्या कामातून निघालेलं. डोंगरातले मेंढपाळ मेंढीच्या, शेळीच्या किंवा गाईच्या दुधाचं दही बकऱ्याच्या कातड्याच्या पिशवीत भरत आणि ती पिशवी तिवईला टांगून झोके देत. आपल्याकडे रवी आणि माठ करतात ते काम तिथे ही पिशवी करते. मस्का वर आला की काढून घ्यायचा, खाली उरतं ते दोघ. त्यातलं काही पिण्यात जातं. काही उकळून, गाळून, मीठ घालून त्याचे गोळे वळतात आणि उन्हात खडखडीत वाळवतात. त्याला 'कुरूत' म्हणतात. हिवाळ्यात दूध आटलं की कुरूत पाण्यात घासून पुन्हा पातळ करतात आणि त्याचं कालवण होतं.

कातडी पिशवीत दही काही दिवस राहिलं की त्यातलं यीस्ट काम करू लागतं, वायू तयार होतो आणि दोघ आपोआप किंचित चुरचुरतं. भाच्याला जिभेवर जाणवलं ते हेच. आज घरोघरी ते काम बाटलीतला सोडा करतो. इराणात तर सोड्याचं दोघ बाटलीबंद विकलं जातं. अन्नाची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या कोडेक्स आयोगाने २०१८ साली दोघसाठी पश्चिम आशियापुरतं स्वतंत्र मानकही ठरवलं.

आपल्या परंपरेत दोघची जागा कुठे, तेही सांगता येतं. भावप्रकाशात दही घुसळून होणाऱ्या पेयाचे पाच प्रकार दिले आहेत. पाणी न घालता सायीसकट घुसळलं ते घोल. साय काढून, पाणी न घालता घुसळलं ते मथित. चौथाई पाणी घातलं ते तक्र. निम्मं पाणी घातलं ते उदश्वित. लोणी काढून भरपूर पाणी घातलं ती छच्छिका. घरी केलेल्या दोघमध्ये दही आणि पाणी जवळजवळ सारखं असतं, तेव्हा ते आपल्या हिशेबाने उदश्वित. आपण रोज जे पातळ ताक पितो ते छच्छिकेच्या जवळचं. भाच्याला आपलं ताक दोघपुढे पातळ वाटत असेल तर त्याचं कारण हे आहे.

आणखी एक गोष्ट. मठ्ठ्यात किंवा कढीच्या फोडणीत जो हिंग पडतो, तो बहुतांश अफगाणिस्तान, इराण आणि उझबेकिस्तानातून येणाऱ्या कच्च्या डिंकापासून बनतो. भारतात त्याची शेती नव्हती. लाहौल खोऱ्यातल्या क्वारिंग गावात १५ ऑक्टोबर २०२० रोजी हिंगाचं पहिलं रोप प्रयोग म्हणून लावलं गेलं. म्हणजे ज्या मुलखातून आपल्या ताकाला वास येतो, त्या मुलखातल्या लोकांच्या ताकात मात्र हिंग नसतो. तिथे वास पुदिन्याचा. दोघ करताना हिंग-जिऱ्याचा डबा बाजूला ठेवा, असं मी सांगते ते म्हणूनच.

चार पेल्यांचं प्रमाण

घट्ट दही अर्धा किलो, थंड पाणी ३०० मिली, थंड साधा सोडा २०० मिली, एक मध्यम काकडी, वाळलेला पुदिना दीड चहाचा चमचा, मीठ पाऊण चहाचा चमचा. साखर नाही, लिंबू नाही.

दही. सगळं यश इथे आहे. दही घट्ट हवं, कवडीदार हवं आणि किंचित आंबट हवं. अदमुरं दही चालत नाही. त्यात आंबटपणा नसतो, आणि मीठ-पुदिना पडला की ते नुसतं खारट लागतं. फार आंबट दहीही नको, सोड्याने आंबटपणा आणखी टोचतो. घरी लावायचं असेल तर दूध उकळल्यावर मंद आचेवर आणखी पाच-सात मिनिटं राहू द्या. त्या उष्णतेने दुधातली प्रथिनं एकमेकांना धरतात आणि दही पाणी सोडत नाही. दूध बोटाला सोसेल इतकं कोमट झालं की अर्ध्या लिटरला एक चमचा विरजण पुरे. एप्रिल-मे महिन्यात कल्याणात रात्री विरजलेलं दही सकाळपर्यंत जास्तच आंबतं. म्हणून उन्हाळ्यात सकाळी सातला विरजावं, दुपारी एकच्या सुमारास लागलं की लगेच फ्रिजमध्ये ठेवावं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी वापरावं. तेवढ्या वेळात हवा तो आंबटपणा येतो.

दूध नाक्यावरून म्हशीचं ताजं दूध आणत असाल, तर त्यात स्निग्धांश ७ टक्क्यांच्या आसपास असतो. गाईच्या दुधात तो ४ टक्क्यांच्या जवळपास. म्हशीच्या दुधाचं दही लावण्याआधी साय काढून ठेवा. नाही तर घुसळताना लोण्याचे कण तरंगतात आणि पेल्याच्या कडेला चिकटतात. पिशवीच्या टोन्ड दुधात ३ टक्के स्निग्धांश असतो, ते दोघला अगदी योग्य. विकतचं दही घ्यायला काहीच हरकत नाही, फक्त गोड केलेलं नको.

पुदिना. दोघची ओळख वाळलेल्या पुदिन्यात आहे. ताज्या पुदिन्याने चव हिरवी येते, चटणीची आठवण होते. वाळलेल्या पुदिन्याचा वास खोल असतो आणि दह्यात तो शेवटच्या घोटापर्यंत टिकतो. बाजारातून एक जुडी आणा. पानं खुडून धुवा, पंचावर पसरून पाणी टिपून घ्या आणि पंख्याखाली सावलीत तीन-चार दिवस ठेवा. उन्हात ठेवू नका, पानं काळी पडतात आणि वास उडतो. पान बोटात चुरडलं की कुरकुरलं पाहिजे. मग तळहातावर चोळून चहाच्या गाळणीतून चाळा, म्हणजे देठाच्या काड्या राहत नाहीत. एका जुडीतून दोन-तीन चमचे निघतात, ते घट्ट झाकणाच्या बाटलीत भरा. पावसाळ्यात पुदिना वाळत नाही, उलट बुरसतो. म्हणून मे महिन्यातच चार-पाच जुड्या वाळवून ठेवाव्यात.

काकडी. देठाकडचा भाग आधी चाखा. कडूपणा बहुधा तिथे आणि सालीत असतो. कडू निघाली तर ती काकडी दोघला वापरू नका, एका तुकड्याने सगळं भांडं बिघडतं. साल काढून, बिया असतील तर त्याही काढून अगदी बारीक चिरा. किसली तरी चालते, पण मग पेला प्यायच्या वेळी ढवळावा लागतो. पावसाळ्यात मुरबाड-शहापूर बाजूची गावठी काकडी बाजारात येते, तिचा वास दोघमध्ये फार छान उतरतो. काकडीला आधी मीठ लावून ठेवू नका. ती पाणी सोडते, तुकडे मऊ होतात आणि दाताखाली येणारी मजा जाते.

घुसळणं. तुमचा चोथा इथेच बसला असणार. आधी नुसतं दही रवीने घुसळा, एकही गाठ राहता कामा नये. मग त्यात मीठ आणि पुदिना घाला. पुदिना दह्यात आधी पडला की पाच मिनिटांत फुगतो आणि वास सोडतो. पाण्यावर टाकला तर नुसता तरंगत राहतो. आता थंड पाणी तीन वेळा थोडं-थोडं घाला आणि दर वेळी घुसळा. मिक्सर नको. त्याच्या वेगाने थंड दह्यातलं लोणी सुटतं आणि फेसच फेस होतो. हे मिश्रण झाकून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा.

सोडा. वाढायच्या आधी, अगदी शेवटी. थंड पाण्यात वायू जास्त वेळ टिकतो, म्हणून सोडा आणि दही दोन्ही गार हवीत. पेला दोन-तृतीयांश भरा, काकडी घाला, पेला तिरका धरून कडेने सोडा सोडा आणि लांब चमच्याने तळापासून एकदाच वर आणा. पुन्हा घुसळायचं नाही. दह्यातली प्रथिनं सोड्याचा फेस धरून ठेवतात, म्हणून पेला काठोकाठ भरू नये. वरून चिमूटभर पुदिना.

थोडा वेळ पेला तसाच राहिला तर तळाला गाळ बसेल आणि वर निवळ येईल. तो दोष नाही आणि दोघ खराब झालं असंही नाही. आंबट दह्यातले प्रथिनांचे कण पाण्यापेक्षा जड असतात, ते खाली बसणारच. कारखान्यात ते बसू नयेत म्हणून स्थिर करणारे पदार्थ घालतात. घरी आपल्याकडे तीन उपाय आहेत. दही घट्ट घ्यायचं, पाणी टप्प्याटप्प्याने घालायचं आणि केल्यावर दोन तासांच्या आत प्यायचं.

प्रश्न : सोड्याची बाटली आणण्याऐवजी खाण्याचा सोडा किंवा फ्रूट सॉल्ट चिमूटभर घातलं तर?
— ठाण्याच्या एक वाचक

उत्तर : घालू नका. खाण्याचा सोडा अल्कधर्मी असतो. दह्यातल्या आम्लाशी त्याची गाठ पडली की दोन मिनिटं फसफसतं, आणि ते थांबेपर्यंत दह्याचा आंबटपणा मारला गेलेला असतो. मागे राहते ती साबणासारखी चव. फ्रूट सॉल्टमध्ये सोडियम भरपूर असतं, शिवाय ते औषध म्हणून घ्यायचं. सोडा नको असेल तर सरळ थंड पाण्यात दोघ करा. अफगाण घरांत बिनसोड्याचं दोघ सर्रास पितात. बाटलीबंद सोड्यातही काही वेळा क्षार घातलेले असतात, म्हणून लेबल वाचा आणि मीठ चाखूनच घाला. आणि एक धोक्याची सूचना. मूळ पद्धतीने दोघ आंबवून चुरचुरीत करू म्हणून ते काचेच्या बाटलीत घट्ट बंद करून उन्हाळ्यात ठेवू नका. आत वायू साठतो आणि बाटली फुटू शकते.

प्रश्न : मी रोज सकाळी सातची लोकल धरते. दुपारच्या डब्याबरोबर दोघ नेता येईल का?
— डोंबिवलीच्या एक वाचक

उत्तर : येईल. सोडा आणि काकडी वगळून मिश्रण तयार करा आणि रात्रभर गार करून सकाळी गारवा टिकवणाऱ्या स्टीलच्या बाटलीत भरा. काकडी वेगळ्या डबीत न्या. गर्दीत बाटली हलते, त्यामुळे सोडा घातलेलं दोघ झाकणातून उसळेल. दुपारी हलवून, काकडी घालून प्या. चुरचुरीत हवंच असेल तर ऑफिसखालच्या टपरीवरून सोडा घ्या. तांब्या-पितळेच्या बिनकल्हईच्या भांड्यात मात्र कधीही ठेवू नका. आंबट दही धातू खातं आणि ताक कळकतं. आपल्या आज्या कळकलेलं ताक फेकून देत, त्याला कारण होतं. ॲल्युमिनियमचं भांडंही नको. स्टील, काच, चिनीमाती किंवा मातीचं भांडं चालतं. दुपारपर्यंत गारवा टिकत नसेल, तर मे महिन्यात हा बेत सुटीच्या दिवसापुरता ठेवावा हे बरं.

प्रश्न : माझ्या यजमानांना रक्तदाबाचा त्रास आहे. रोज एक पेला दोघ दिलं तर चालेल का? आणि ते प्यायलं की झोप येते म्हणतात, ते खरं का?
— टिटवाळ्याच्या एक वाचक

उत्तर : मिठाचा हिशेब करून द्या. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे की मोठ्या माणसाने दिवसभरात सगळं मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. वर दिलेल्या प्रमाणात एका पेल्यात साधारण १ ग्रॅम मीठ जातं, म्हणजे दिवसाच्या वाट्याचा पाचवा हिस्सा. लोणचं, पापड, फरसाण त्याच दिवशी ताटात असेल तर तो हिस्सा भारी पडतो. त्यांच्यासाठी मीठ निम्मं करा आणि पुदिना वाढवा. वास भरपूर असला की मीठ कमी असल्याचं जिभेला फारसं कळत नाही. सोडा वगळा. डॉक्टरांनी मीठ बंद केलं असेल तर बिनमिठाचं दोघ हेही चांगलंच पेय आहे, त्याला अफगाण नाव दिलं नाही तरी चालेल.

झोपेविषयी म्हणाल, तर काबूल आणि तेहरानमध्येही लोक तेच सांगतात. दुपारी दोघ प्यायलं की डोळे मिटतात म्हणे. आपल्याकडेही भात आणि ताकानंतर वामकुक्षी ठरलेली. मला विचाराल तर त्यात दह्यापेक्षा वाटा आहे भरल्या पोटाचा आणि दुपारच्या उन्हाचा. वाहन चालवायचं असेल तर कमी जेवा, दोघला दोष देऊ नका.

प्रश्न : उन्हाच्या झळीने चक्कर आली किंवा जुलाब लागले तर दोघ द्यावं का? आणि गाडीवरचा बर्फ चालतो का?
— अंबरनाथचे एक वाचक

उत्तर : उन्हातून आलेल्या, शुद्धीवर असलेल्या, नुसत्या दमलेल्या माणसाला थोडं सावलीत बसवून दोघ किंवा आपलं मीठ-जिऱ्याचं ताक द्यायला हरकत नाही. पाणी आणि मीठ दोन्ही मिळतं. पण जुलाब लागले असतील तर ओआरएसच द्यावं. त्यात साखर आणि क्षार मोजून घातलेले असतात, आणि साखरेच्या सोबतीने आतडं मीठ-पाणी शोषून घेतं. दोघमध्ये ते प्रमाण नसतं. ज्याला उन्हाने भ्रम झाला आहे, अंग तापलं आहे, घाम थांबला आहे, त्याला काही पाजत बसू नका. अंगावर पाणी मारा, वारा घाला आणि ताबडतोब दवाखान्यात न्या.

गाडीवरचा बर्फ अजिबात नको. तो कोणत्या पाण्याचा आहे ते आपल्याला माहीत नसतं, आणि त्यातला बराचसा खाण्यासाठी बनवलेलाही नसतो. पाणी उकळून, गार करून घरी बर्फ करा. त्याहून चांगलं म्हणजे दोघचाच थोडा भाग बर्फाच्या साच्यात गोठवा. पेल्यात ते खडे घातले की दोघ गार राहतं आणि पातळही होत नाही.

प्रश्न : दोघबरोबर खायला काय करावं?
— बदलापूरच्या एक वाचक

उत्तर : अफगाणिस्तानात दोघ कबाबांबरोबर पितात आणि 'बोलानी'बरोबरही. बोलानी म्हणजे बटाटा किंवा कांद्याच्या जातीची गंदना नावाची पात आत भरून दुमडलेली, तव्यावर तेलात भाजलेली पातळ पोळी. आपल्याकडे तिची जागा कांद्याच्या पातीचं थालीपीठ सहज घेईल. बटाट्याचा पराठा, मसालेभात, खिमा, तंदूरवरचं चिकन यांबरोबरही दोघ छान जातं. कल्याणचा खिडकी वडा घरी आणलात तर त्याच्या तिखटाला हा पेला चांगला उतारा आहे. माशांच्या कालवणाबरोबर मात्र मी देणार नाही. तिथे सोलकढीची जागा सोलकढीनेच घ्यावी. गोड पदार्थाबरोबरही नको. जिलबीला जोडी मठ्ठ्याची. मठ्ठ्यात आल्याचा तिखटपणा असतो, म्हणून ती जमते. दोघच्या पुदिन्यापुढे जिलबीचा पाक उगाच चिकट वाटतो.

शेवटी, पारनाक्याच्या भगिनींसाठी. तुम्ही पत्रात शेवटी विचारलं आहे की 'खरं' दोघ झालं हे ओळखायचं कसं. फारसीत एक म्हण आहे की माझं दोघ आंबट आहे असं कुणीच म्हणत नाही. आपलं ताक आपल्याला गोडच लागतं, तेव्हा परीक्षा दुसऱ्याने करावी. पहिल्या घोटाला मीठ नाही तर पुदिना जाणवला, दुसऱ्या घोटाला दह्याचा आंबटपणा आला आणि काकडी दाताखाली कुरकुरली, तर ते दोघ झालं. आधी मीठच कळलं तर पुढच्या वेळी ते कमी करा.

आणि परीक्षक तर तुमच्या भाच्याच्याच वर्गात आहेत. पुण्यात अफगाण विद्यार्थी बऱ्याच वर्षांपासून शिकायला येतात. १५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूलची सत्ता पालटली, आणि त्यांच्यातल्या अनेकांना सुटीत घरी जाणं अवघड झालं. ज्या मुलांनी परक्या गावात, खोलीवर शिजवून, आपल्या मुलाला आपल्या घरचं पेय पाजलं, त्यांना येत्या सुटीत कल्याणला जेवायला बोलवा. एका पेल्यात दोघ द्या, दुसऱ्यात मठ्ठा. त्यांच्याकडे पाहुण्यापुढे ताट ठेवताना 'नोश-ए-जान' म्हणतात. आपण म्हणतो, सावकाश होऊ द्या.